वसुधाताईंच्या वर्गातले आजोबा

ईरा एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. त्या शनिवारी सकाळी मात्र कॉलेजमधून तिचा फोन आला तो मराठीत. "आई, मिस के गेल्या..." तिच्या मिस के म्हणजे माझ्या वसुधाताई. वसुधा काळे, मूळच्या नागपूरच्या. हृदयाचं दुखणं होतंच, पण आदल्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही खदाखदा हसत बसलो होतो.

इथे अमेरिकेत, बॉथेलमधल्या आम्हा सगळ्यांसारख्या त्याही सॉफ्टवेअरमध्ये होत्या. पन्नाशीत नोकरी सोडून मिडल स्कूलमध्ये शिक्षिका झाल्या. ईरा त्यांच्या वर्गात होती, तेव्हा सातवीला वॉशिंग्टन राज्याचा इतिहास होता. पुस्तकात याकिमा खोऱ्यातल्या सफरचंदांना दोन पानं आणि ती तोडणाऱ्या मेक्सिकन माणसांना चार ओळी. वर्गातल्या दानिएलाने विचारलं, "माझे आजोबा तिथेच राबले. ते ह्यात कुठे आहेत?" त्या संध्याकाळी ताईंचा मला फोन. श्वास घ्यायलाही थांबत नव्हत्या. "अगं, पुस्तकात नसतील, पण माणूस जिवंत आहे ना! अडीच तासांवर राहतो! बोलावून राहिले मी त्यांना वर्गात!"

मी त्यांच्या उत्साहावर पाणी ओतलं. "ताई, रागावू नका, पण आपल्या मुलांना ह्याचा काय उपयोग? आणि हा इतिहास तुमचा तरी कुठे?"

"तू इथे घर घेतलंस ना? मग तुझ्या आधी इथे कोण राबलं, हे नको कळायला?" मग लगेच, "त्या दिवशी चहाचं तू बघ."

मी त्यांना सांगितलं नाही, पण प्रिन्सिपलना तक्रारीची मेल गेली होती आणि खाली इतर पालकांबरोबर माझंही नाव होतं. प्रिन्सिपलनी ताईंना एकच तास दिला आणि स्वतः मागे येऊन उभ्या राहिल्या.

दानिएलाचे रामोन आजोबा आले ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हॅट हातात धरून. आठ वर्षांचे असताना टेक्ससहून आईवडिलांबरोबर ट्रकमधून आले होते. पहाटे शेतात वाकून अस्पॅरॅगसचे कोवळे कोंब कापायचे, मग शाळेत जायचं, आणि बाकावर झोप लागली की शिक्षा. "वाका," ते मुलांना म्हणाले, "एकच मिनिट." सगळा वर्ग वाकला. ताईही वाकल्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट. अर्ध्या मिनिटात कण्हणं सुरू! ईराने विचारलं, "त्या शेताचा राग यायचा?"

"शेताचा नाही. आमचं नाव कुणी विचारत नसे, त्याचा यायचा."

"मग पूर्ण नाव सांगा ना!"

दानिएलाने ते फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी भराभर पुस्तकात, त्या चार ओळींखाली, उतरवून घेतलं. शाळेची पुस्तकं ती! ताई मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिल्या. बेल झाली तरी कुणी हललं नाही. मागून प्रिन्सिपल म्हणाल्या, "चालू द्या." माझ्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता...

त्या मेलबद्दल मी बोलले ते अगदी शेवटच्या भेटीत, त्या स्वयंपाकघरात. "ताई, तिच्यात माझंही नाव होतं."

"ठाऊक होतं ना! म्हणून तर चहा तुझ्याकडे दिला. नाहीतर तू आली असतीस का?" हसता हसता त्यांना खोकला आला.

गेल्या रविवारी काळेकाकांनी मला ताईंच्या खोलीत नेलं. टेबलावर एक वही होती. यंदा वर्गात बोलवायच्या माणसांची नावं आणि फोन नंबर, काहींपुढे बरोबरची खूण. ताईंच्या जागी आलेली तरुण शिक्षिका मदत मागत होती, असं काका म्हणाले. मी तिथेच, त्यांच्या खुर्चीत बसून, खूण नसलेला पहिला नंबर फिरवला. सफरचंदं पॅक करण्याच्या कामावर आयुष्य काढलेल्या एक बाई होत्या. मिस के गेल्या, पण वर्गाचं बोलावणं कायम आहे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलं किती आहेत?"

"अठ्ठावीस."

"मग साठ टमाले करीन, मक्याच्या पानात वाफवलेले. तारीख सांगा."

"थोडे जास्त करा," मी म्हटलं. "मीही येणार आहे."