भाईचा श्वास

भाई गेला तेव्हा इथल्या, सौदीतल्या यान्बू शहरातल्या ओळखीच्यांनी मला एकच गोष्ट ऐकवली, की त्याची वेळ आली होती. मला या बोलण्याचा राग येतो. वेळबीळ काही आली नव्हती. माझ्या मोठ्या भावाला जे सगळ्यांत चांगलं जमायचं, त्यानेच त्याचा जीव घेतला, आणि ते मी समोरून पाहिलं.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात खाडीकाठच्या पोरांची एक परीक्षा असायची. बुडी मारायची, तळ गाठायचा आणि मुठीत वाळू घेऊन वर यायचं. वाळू नसेल तर बुडी खोटी. भाई यात सगळ्यांच्या वरताण. तो खाली गेला की काठावरच्या बायका हातातलं काम थांबवून बघत राहायच्या. अम्मा मात्र कालवं फोडत बसायची. "येईल वर. माझ्या पोराचा श्वास लांब हाय," म्हणायची. मला पोहायला त्यानेच शिकवलं. शिकवलं कसलं, मानगूट धरून पाण्यात दाबायचा आणि ओरडायचा, "तोंड मीट गो! श्वास सोडलास तर मेलीस!"

अब्बा लवकर गेले. भाई यान्बूला आला, प्लांटवर लागला, बहिणींची लग्नं केली, माझ्या नवऱ्यालाही इथे नोकरीला लावलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं.

पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं खूळ आधी माझं. भाई हसला. "खाडीतली पोर तू, आणि आता बाटलीतली हवा पिणार?" महिन्याभरात स्वतःच शिकायला आला. शिकवणारा फिलिपिनो, स्वभावाने गरीब. त्याचा पहिला नियम, श्वास कधीच थांबवायचा नाही. खाडीत आपण वरचीच हवा खाली नेतो आणि तीच परत आणतो, त्यामुळे काही बिघडत नाही. टाकीतली हवा मात्र खोलवर छातीत दाबून भरते आणि वर येताना फुगते. तोंड मिटून वर आलात तर फुफ्फुस फाटतं.

भाईने हे ऐकलं, मान डोलावली, परीक्षाही पास झाला. पण पाण्यात गेला की जित्याची खोड. एक श्वास घ्यायचा आणि कोंडून ठेवायचा. बोटीवर परतल्यावर पुरुषमंडळी कुणाची किती हवा उरली ते एकमेकांना दाखवतात, त्यात भाई नेहमी पहिला. "सर, ब्रीद. प्लीज ब्रीद," शिकवणारा हात जोडायचा. भाई माझ्याकडे वळून म्हणायचा, "याला काय ठाव?" मग दिवसभर डोकं धरून बसायचा, गोळ्या घ्यायचा. मी भांडायचे, तो ऐकून घ्यायचा आणि आपलंच करायचा.

त्या शुक्रवारी तटरक्षकांना इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, दाखवून आम्ही पहाटेच निघालो. जुम्म्याच्या नमाजाच्या आत परतायचं होतं. जिथे बोट थांबली तिथे प्रवाळ जेमतेम कमरेएवढ्या पाण्यात आहे, आणि पुढे एकदम कडा. पाणी काळं होईपर्यंत ती भिंत सरळ खाली जाते. मला ती आवडायची. भाईला नाही. "मूठभर वाळू मिळत नाय, असला कसला दर्या?"

भिंतीच्या कडेने आम्ही परत येत होतो, माडाच्या उंचीएवढे खाली. पुढच्या माणसाची लाथ भाईच्या तोंडावर बसली आणि श्वासाची नळी सुटली. नुसता हात मागे नेला असता तरी सापडली असती. माझ्याकडची जादा नळी मी त्याच्यापुढे धरली. त्याने ती पाहिली, मलाही पाहिलं. मग ओठ घट्ट मिटले आणि वर निघाला. घाबरला नव्हता, हेच मला सहन होत नाही. लहानपणी जायचा तसाच, निवांत पाय मारत गेला. तोंडातून एकही बुडबुडा नाही. मी पाय धरला, तो निसटला. सोड, श्वास सोड, म्हणून मी नळीत ओरडत राहिले. पाण्याखाली कोण ऐकतं?

मी वर पोचले तेव्हा तो बोटीची शिडी धरून हसत होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "नळीबिळी नसताना आलो. अजून हाय छातीत!"

ओठाच्या कोपऱ्याला लाल फेस होता. "दिसत का नाय गो मला?" त्याने विचारलं, आणि शिडीवरचा हात सुटला.

आम्ही त्याला वर ओढलं, प्राणवायू लावला. शिकवणारा बंदर दिसेपर्यंत त्याची छाती दाबत राहिला आणि मग थांबला. बोटीचा इजिप्शियन कप्तान हलकेच "खलास" म्हणाला. इथे दुकानात बिल झालं तरी हाच शब्द म्हणतात.

भाईला इथेच दफन केलं. मी गेले नाही, इथे बायका जात नाहीत. नवऱ्याने परत येऊन सांगितलं, माती कसली, सगळी वाळूच होती. ते ऐकून मी पहिल्यांदा रडले.

अम्माला फोन मीच केला. भाई पाण्यात गेला, एवढंच सांगितलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पाण्यात?" ती म्हणाली. "माझा पोरगा पाण्यात मरायचा नाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"श्वास सुटला असंल त्याचा," ती म्हणाली. "नायतर तो यायचाच वर. सुटला ना गो?"

"हो अम्मा," मी म्हणाले. "सुटला."