शांतता भांडुपलाही मिळते

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे सात. स्थळ: भांडुपच्या खाडीकडे जाणारा रस्ता. हजर: मी, नवरा, मोठी नणंद. मुलीने आदल्या दिवशीच कळवलं होतं, मला धरू नका.

दहा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी आहे, सभांच्या नोंदी मीच लिहिते, त्यामुळे सुरुवात अशीच होते. विषय एकच होता. अंधेरीच्या ऑफिसातली सव्वीस वर्षांची नोकरी सोडून मुरबाडच्या पुढे, डोंगराखालच्या एका रोपवाटिकेत देखरेखीचं काम मी घ्यावं की नाही. जंगली झाडांची रोपं, राहायला एक खोली, शनिवार-रविवार मुलुंडला घरी.

तिथली शांतता मला हवी आहे, असं मी घरात एकदाच म्हणाले. तीच चूक झाली. नवऱ्याने लगेच तोडगा काढला. "शांतता भांडुपलाही मिळते. रिक्षाने वीस मिनिटं." ते सिद्ध करायला त्याने घाटकोपरहून बहिणीलाही बोलावून घेतलं.

तिवराच्या झाडांच्या कडेला सतरंजी टाकली. "किती शांत आहे बघ," ताई म्हणाल्या, आणि पुढचा पाऊण तास थांबल्या नाहीत.

"तिथे साप असतील गं."

"असतील."

"आणि तुझा गुडघा? तो काय मुरबाडला बरा होणारे?"

"ताई, तो मुलुंडलाही दुखतोच."

मग नवरा सुरू झाला. पाणी किती वेळ येतं, दवाखाना किती लांब, मोबाइलला रेंज आहे का. हे सगळे प्रश्न माझ्या वहीत होते, उत्तरांसकट. मी वही काढून वाचून दाखवली. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं लिहून ठेवलंयस म्हणजे तुझीच खात्री नाहीये." तयारी नसती तर तयारी नाही म्हणून बोलला असता.

शेवटी पोह्यांचा डबा उघडला, तेव्हा दोघं गप्प झाली.

ओहोटी लागली होती. तिवरांखालचा ओला चिखल बारीक चटचटत होता. त्यात निवटे, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होते, थांबत होते, पुन्हा उडी मारत होते. मी वही मिटली. आणि अशा निवांत जागी मला चक्क भीती वाटायला लागली. सापांची नाही, दवाखान्याची नाही. माझ्या हाताने रोपं मेली तर? ऑफिसात सगळे मला विचारून काम करतात. तिथे बावन्नाव्या वर्षी "हे बी कशाचं?" इथपासून मला विचारावं लागणार. वहीतल्या चाळीस मुद्द्यांच्या यादीत हा मुद्दा कुठेच नव्हता, आणि मी इतके दिवस या दोघांवर चिडत होते.

पोहे संपले. "काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"भीती वाटतेय."

"मग नको जाऊस ना."

"जाणार आहे."

"आत्ता तर म्हणालीस भीती वाटतेय."

"वाटतेय. जाणार आहे."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "मग आम्हाला एवढ्या सकाळी इथे कशाला आणलंस?"

"मी आणलं?"

यावर दोघांनीही खाडीकडे बघितलं. सभेत ठराव झाला नाही, पण कोणी विरोधही नोंदवला नाही. सतरंजी मीच झटकली.

सोमवारी राजीनामा दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चहा मागवला. संध्याकाळी घरी येऊन वही उघडली तेव्हा कळलं, क्रम उलटा झालाय. आधी रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंना होकार, मग इकडे राजीनामा, असं मीच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

आज गुरुवार. बाईंना "येते" एवढंच सांगायचंय. त्यासाठी दोनदा फोन हातात घेतला. एकदा गॅस बुक केला, एकदा प्लंबरला बोलावलं. बाईंना फोन करायचा बाकी आहे.