नळीवरचं गाव

लातूरच्या आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या उचलणारा यांत्रिक हात आला, तेव्हा तो माझ्या माहेरून आल्यासारखी मी मिरवत होते. पुण्याला जाऊन आठ दिवसांचं ट्रेनिंग मीच घेतलं होतं ना!

रक्त काढायला चाचा होते. भूकंपानंतर सरकारी तंबूत, मी अगदी नवखी असताना, त्यांनीच मला सुई धरायला शिकवलं. नळीवर चिकटपट्टी लावून नावाबरोबर गावही लिहायचं, ही त्यांची तेव्हापासूनची सवय. "बेटी, नाव धा जणींचं सारखं ऱ्हातंय. गाव इचार," म्हणायचे. गावं जमीनदोस्त झाली होती, तरी लोक गाव सांगायचे आणि चाचा लिहून घ्यायचे.

यंत्राला मात्र बारकोड लागतो. चाचांची पट्टी नेमकी त्यावर बसली, की हात ती नळी बाजूला ठेवून बोंब मारायचा. एके दिवशी मी सगळ्यांसमोर तडकले, "चाचा, याला तुमची गावं वाचता येत नाहीत. बंद करा हे!" त्यांनी पेन खिशाला लावलं आणि पुन्हा कुणाला गाव विचारलं नाही.

डेंग्यूच्या दिवसांत क्लासवाल्या पोरींची होस्टेलांमधून रांग लागली. वेळ वाचावा म्हणून मी रिकाम्या नळ्यांवर आधीच बारकोड चिकटवून ठेवले. असं करायचं नसतं, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यात एकाच नावा-आडनावाच्या दोन पोरी होत्या, एक रेणापूरची, एक भोकरची. एकीची नळी दुसरीसाठी म्हणून मीच चाचांच्या हातात दिली. यांत्रिक हातानं आपलं काम चोख केलं. प्लेटलेट घसरलेली भोकरची पोरगी नॉर्मल रिपोर्ट घेऊन होस्टेलवर गेली आणि संध्याकाळी हिरड्यांतून रक्त येत परतली. वाचली, नशीब.

डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कोणी काढलं?"

"चाचांनी," मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. त्यांच्या घरी जायचं मी रोज ठरवायची आणि जायची नाही. लाज वाटत होती, पण नोकरी जास्त प्यारी होती.

मागच्या वर्षी ते शुगर तपासायला आले. नजर अधू झालेली. मला ओळखलं नसावं, असं वाटून मला बरंच वाटलं. खाली मान घालून मी नाव विचारलं, बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला.

"अन् गाव न्हाई इचारलंस, बेटी," ते म्हणाले.