टेंडरचं कनेक्शन

एक वस्तू दुरुस्त करायला तीन माणसं बसली की वस्तू सुधारो न सुधारो, किस्से मात्र साचतातच. आमच्याकडं तर साचून साचून गाळ झालाय!

माजलगावात रेल्वे नाही. ती फक्त वाघमारे सरांच्या गच्चीवरच्या खोलीत धावते. सर रिटायर्ड मास्तर, रफिकभाई टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे, आणि मी मेडिकलवाला. रविवारी दुपारी आम्ही सरांच्या वीतभर वाफेच्या इंजिनापुढं बसतो. वाफ कुठली, विजेवरचं मॉडेल! इंजिनामागं कोळशाची छोटी गाडी असते, तिला टेंडर म्हणतात. रुळातला करंट टेंडरची चाकं घेतात आणि केसाएवढ्या तारांतून पुढं इंजिनाच्या मोटरला देतात. त्या तारा आणि त्यांची पिन, एवढंच आमचं दुखणं.

* * *

एकदा चहाच्या टपरीवर सर वैतागून म्हणाले, "टेंडरचं कनेक्शनच तुटलंय. मागून सोडलेलं पुढं पोचतच न्हाई!"

शेजारच्या बाकावर सरकारी कामं घेणारे एक गुत्तेदार बसले होते. ते सरकत सरकत सरांच्या कानाजवळ आले.

"सर, कोणत्या खात्याचं हाय? मधला माणूस आपल्या वळखीचा हाय!"

* * *

रफिकभाईंनी तुटलेल्या तारेच्या जागी कूलरच्या मोटरची तार जोडली. एकदम मजबूत! पण इतकी ताठ, की पहिल्याच वळणावर टेंडर रुळावरून उचललं गेलं आणि अधांतरीच निघालं.

सरांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "रफिकभाई, रेल्वे पाहिजे होती. तुमी तर विमान केलं!"

* * *

पुढं मोटरकडं जाणारी तार सुटली. आवाजाची चिप टेंडरात, त्यामुळं शिट्टी वाजतेय, झुकझुक जोरात चाललीय, आणि इंजिन जागचं हलेना. सर घामाघूम.

"कावून हलंना हे?"

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "सर, आता ही अस्सल आपल्या गावची रेल्वे झाली. आवाज लई वर्सं यायलाय, गाडी यायची हाय!"

* * *

सगळं जुळून येतं तेव्हा मात्र कुणी बोलत नाही. एका दुपारी पिन स्पिरिटनं पुसली आणि गाडी फिरायला लागली, न थांबता. साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येत होता. पडद्यातलं ऊन रुळांवर सांडलेलं. माझा डोळा लागला.

खिडकीबाहेर ऊस मागं पळत होता. वडवणीचं स्टेशन गेलं. धर्मापुरीच्या देवळाचे दगड तांबूस उन्हात दिसले न दिसले, तोच कुणीतरी खांदा हलवला.

"उतरा, माजलगाव आलं!"

मी खरंच पिशवी शोधायला लागलो!

* * *

सरांच्या मुलीनं, मीनलनं, आपल्या मनानं लग्न केलं आणि ती नागपूरला गेली. तेव्हापासून सर तिच्याशी बोलत नव्हते. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, तिच्याशी फोनवर बोलायला लागल्या की सर उठून गच्चीवर यायचे. वहिनी आमच्या रेल्वेकडं ढुंकूनही बघत नसत.

एका रविवारी आम्ही तिघं जिना चढून आलो, तर वहिनी टेबलाशी एकट्याच बसलेल्या. इंजिन छोट्या स्टेशनापुढं उभं. रफिकभाईंनी लगेच टेंडर उचलायला हात पुढं केला.

"पुन्हा कनेक्शन गेलं का, भाभी?"

"हात लावू नका," वहिनी म्हणाल्या. "मीच थांबवलीय. मीनल उतरायलीय."

रफिकभाईंनी हात मागं घेतला. सर हळूच त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि त्या बोटभर प्लॅटफॉर्मकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं रफिकभाईंचा हात सवयीनं गाडी सोडायच्या बटणाकडं गेला. सरांनी तो धरला.

"थांबा वो जरा. सामान लई आसंल तिच्याजवळ."