आलू-वांग्याचं कूळ

माझ्या मावशीइतकं बायोलॉजी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कुणाला येत नाही. आता तिचं शिक्षण दहावी, हा भाग वेगळा. तिला सायन्सच घ्यायचं होतं, पण कॉलेज पडलं वर्ध्याला आणि पोरीनं रोज एकटीनं एसटीनं जाणं घरच्यांना पटेना. मग लग्न होऊन ती नाचणगावला आली आणि भाजीच्या मळ्यात रमली. मी अकरावी सायन्सला कारंज्याहून तिच्याकडे राहायला आले, तेव्हा तिनं माझ्या पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "चाल, आता आपण दोघी शिकू."

'दोघी' हे तिनं फारच मनावर घेतलं. मी एसटीनं वर्ध्याच्या कॉलेजातून परतले की चहाच्या आधी तिला तास हवा. पुस्तक इंग्रजीत, म्हणून मराठी मी करायची. तिची प्रयोगशाळा म्हणजे विळी. भेंडी आडवी चिरली की आतली पाच घरं मोजल्याशिवाय ती कढईत पडत नसे. बाजारात गिऱ्हाइकानं वांगं उचललं की ही देठाकडे बोट दाखवी, "फूल गेलं, फळ आलं, तरी टोपी सोडत नाई पाहा. पाव देऊ का अर्धा किलो?" गिऱ्हाईक गोंधळून अर्धा किलो घेई.

तिला सगळं पाठ, आणि माझ्या डोक्यात मात्र एक नाव टिकेना. पहिल्या चाचणीत मी आपटले. बाबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "प्रॅक्टिकलमधी गेली, तर सायन्स सोडून वापस येजो."

त्यातच मी एक घोळ करून ठेवला. वनस्पतींच्या फॅमिलीला मी मराठीत 'कूळ' म्हटलं. कूळ ऐकताच मावशी सावरून बसली. आलू, वांगं, टमाटर, मिरची, सगळे सोलॅनेसी कुळातले, असं मी वाचलं.

"म्हणजे भाऊबंदच ना?"

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात आलू-वांग्याची भाजी बंद! एका कुळात सोयरीक होत नाही, मग एका कढईत कशी होईल? मावसाजींचा सगळा जीव त्या भाजीत. ते हिरमुसून म्हणाले, "मंग वांग्यात मिरची काऊन टाकून राह्यली?"

"ते करवली आहे," मावशी म्हणाली. "करवली घरचीच लागते."

प्रॅक्टिकलला सरांनी नेमकं विचारलं, "सोलॅनेसीतल्या चार भाज्या सांग." पुस्तकाचं पान आठवेना, मावसाजींचा पडलेला चेहरा तेवढा समोर आला.

"आलू, वांगं, टमाटर आणि करवली, सर."

"करवली?"

"म्हणजे मिरची, सर. आमच्याकडे यांची एकत्र भाजी होत नाही. एक कूळ आहे."

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि या कुळाची खूण विचारली. मी म्हटलं, "टोपी सोडत नाहीत." मी पास झाले. घरी आल्यावर मावशीनं मार्क विचारलेच नाहीत. सरांचा एकेक प्रश्न विचारून घेतला, पटापट उत्तरं दिली आणि हसत म्हणाली, "मले बसू द्याले पायजे होतं."

बारावी झाली, पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला नंबर लागला. निघायच्या दिवशी ताटात पाहते तर आलू-वांगं! मावसाजी मान वर न करता जेवत होते.

"मावशी, यांचं कूळ एकच ना गं?"

"आता राहू दे," ती भाजी वाढत म्हणाली. "मी एकटी कोणासंग कूळ तपासू?"

मग तिनं एसटीची वेळ तिसऱ्यांदा विचारली. तिला जी बस कधी मिळाली नाही, ती मी तिच्या जिवावर पकडली होती. मी ताट पुढे केलं आणि आलू-वांगं आणखी वाढून घेतलं.