पुढची चाकं

माझा भाऊ गेला तेव्हा त्याची फोर बाय फोर जीप चालू होती आणि जागची हलत नव्हती.

आज वर्ष झालं.
लोक म्हणतात, चांगलं चांगलं लिही. लिहिते. पण मला त्याचा रागही आलेला आहे, तोही लिहिणार.

दादाची जीप जुनी, सेकंडहँड. शेंद्र्याकडची आमची रस्त्यालगतची जमीन कंपन्यांसाठी गेली. उरली ती ओढ्यापलीकडची, काळीभोर.
पावसाळ्यात तिथं बैल फसायचा, कार काय जाणार? म्हणून दादानं ही जीप घेतली आणि शेतातच घर बांधून राहिला.

शहरात माझ्याकडे आला की क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारच्या चकचकीत गाड्या बघून हसायचा.
"बघ, चाकाला चिखल तरी लागलाय का? हे गुलमंडीला साड्या आणाया फोर बाय फोर घेतेत!"
"आणि तू रे? तू काय आणतोस?"
"मी माणसं आणतो."

खरंच आणायचा.
वस्तीवर कुणाला साप चावला, कुणाची बाई अडली, की पहिला फोन दादाला. अँब्युलन्स डांबरी रस्त्यावर थांबायची आणि दादा चिखलातून पेशंट तिथपर्यंत पोचवायचा. देवाच्या आधी त्याचं नाव घेणारी माणसं आहेत तिकडं.

पण गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

वहिनीला कार येते. रीतसर क्लास लावून शिकलीय. पण जीप मागितली की दादाचं उत्तर ठरलेलं, "तुला नाय जमायची ती. लई जड हे. मी हाय ना?"

मी हाय ना.
एवढ्या बोलण्यावर आमचं अख्खं घर निर्धास्त होतं.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस. दुपारी दादा जेवून उठला आणि छाती धरून खाली बसला.
अँब्युलन्स निघाली, पण येणार रस्त्यापर्यंतच. वहिनीनं त्याला कसंबसं जीपच्या मागच्या सीटवर झोपवलं आणि पहिल्यांदा त्या स्टिअरिंगवर बसली.

तिनं शेजारी बसून बघितलेलं होतं. मोठ्या गिअरजवळ एक छोटा दांडा असतो, तो ओढला की चारही चाकं फिरतात. तिनं ओढला.
गाडी अंगणातून जरा पुढं गेली आणि रुतली. मागची चाकं नुसती चिखल उडवत राहिली. जितका ॲक्सिलरेटर द्यावा तितकी खोल.

आरशात तिला दादा दिसत होता. त्याला बोलता येत नव्हतं. हात उचलून बोटांनी हवेत काहीतरी गोल फिरवत होता. पुन्हा पुन्हा.

वहिनीला वाटलं, काच खाली कर म्हणतोय. जीव घुसमटतोय.
तिनं हँडल फिरवून काच खाली केली.
त्यानं मान हलवली, नाही म्हणून. आणि पुन्हा तसाच हात फिरवला.

शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. बाजेवर घालून त्याला न्यायला लागली. रस्ता दिसायच्या आत दादा गेला होता.

गाडी तिथंच रुतून राहिली. दोनेक दिवसांनी रफिकभाई ती काढायला आले. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान, आणि अशीच एक जीप. दादाचे चिखलातले जोडीदार.
गाडीत बसायच्या आधी ते खाली वाकले. पुढच्या एकेका चाकाच्या मधोमध बोटांनी काहीतरी फिरवलं.

वहिनी ओट्यावरून बघत होती. "भाई, काय फिरवलं ते?"
"लॉक है भाबी. ये नै घुमाए तो डंडा खींचके बी अगले चक्के नै चलते..."

आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

वहिनीनं स्वतःचा हात वर केला. बोटं हवेत गोल फिरवली. रडली नाही. मी तिथंच होते. तो चेहरा मला अजून स्वप्नात दिसतो.

चिखल आला की दादा दर वेळी खाली उतरायचा. वहिनीला वाटायचं, टायर बघतोय. त्यानं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचा तोरा कुठं राहिला असता?
हाच तो राग. दादा, मिनिटभराचं शिकवणं होतं रे.

वहिनीनं गाडी विकली नाही. रफिकभाईंकडून सगळं शिकून घेतलं.

परवा मी गेले तर भर पावसात ती जीप काढत होती. मागचं दार उघडून थोडा वेळ थांबली, कुणी चढायची वाट बघावी तशी. मग दार लावलं. वाकून दोन्ही चाकांची लॉक फिरवली, दांडा ओढला आणि डांबरीपर्यंत जाऊन आली.
आल्यावर पुन्हा मागचं दार उघडलं.

मी छत्री टाकून धावले.
"वहिनी, कोण आजारी आहे? कुणाला न्यायचंय?"
"तुमच्या भावाला."
"वहिनी, अहो..."
"बसा ताई तुमी बी. बघा तरी. आता कुठंच फसत नाय."

मी पुढं बसले. ती निम्मा वेळ समोर आणि निम्मा वेळ आरशात बघत चालवत होती. मागची सीट करकरत होती, कुणाचं तरी वजन असल्यासारखी. मला वळून बघायचं धाडस झालं नाही.

डांबरी लागली. ती थांबली. खाली उतरून मागचं दार उघडलं आणि अगदी हळू म्हणाली, "आलो बघा."

दादा, तिनं तुला रस्त्यापर्यंत आणलंय.

आता उतर.
आणि जा.