म्युऑन घेऊन धुळ्याला

जळगावच्या स्टँडवरून धुळ्याची एसटी निघाली तेव्हा मांडीवर काळ्या कागदात गुंडाळलेली पेटी होती आणि छाती फुगलेली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. धुळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत जागा होती. पेटी चालवून दाखवली तर नोकरी, नाहीतर मामांच्या डाळमिलमध्ये पोती उचलायची.

"तेमा काय शे, भाऊ?" (त्यात काय आहे?) शेजारच्या सीटवरच्या अक्कांनी विचारलं.

मला तेवढंच हवं होतं. म्हटलं, आत प्लॅस्टिकचे केसाएवढे धागे आहेत. आकाशातून म्युऑन येतात, छपरातून, तुमच्या-माझ्यातून आरपार जातात. धाग्यातून गेले की बारीक उजेड चमकतो. टोकाला सिलिकॉनची चकती आहे, ती तो उजेड टिपते आणि यंत्र 'टिक्' करतं. म्हणून बाहेरचा उजेड आत जाता कामा नये.

"म्याऊन?" अक्कांचा चेहरा पडला. "अंधारामा कोंडी ठेवं बिचारीले?" (अंधारात कोंडून ठेवलंस बिचारीला?)

"कोंडलं नाही अक्का, ते आरपार जातं."

"मंग झाकण कसाले?" (मग झाकण कशाला?)

पुन्हा समजावणार तोच पारोळा आलं. पेटी अक्कांपाशी ठेवून मी भजी खायला उतरलो. मिरचीचं भजं असं झोंबलं की धुळ्यापर्यंत बोलणंच बंद.

धुळ्याला उतरताना अक्का हळूच म्हणाल्या, "काळजी करू नको. मी तिनी सोय करी दिन्ही." (तिची सोय करून दिली.) आशीर्वाद समजून मी पाया पडलो.

मुलाखतीला दोन सर आणि एक मॅडम. खिडकीजवळच्या टेबलावर पेटी ठेवून बटण दाबलं, तर शिलाई मशीन चालावं तशी टिकटिक!

"सगळे म्युऑन जळगावहूनच भरून आणलेत का?" एक सर म्हणाले.

मला डाळमिलची पोती दिसू लागली. पेटी फिरवून पाहिली, तर कोपऱ्यात साडीच्या पिनेनं पाडलेलं भोक, आणि भोकाभोवती बिस्किटाचा चुरा.

"सर, मांजराला श्वास मिळावा म्हणून..." जे घडलं ते सांगून टाकलं. भोकावर अंगठा ठेवला तशी टिकटिक उतरली. मॅडमनी हसत हसत कपाळावरची मोठी काळी टिकली काढून तिथे चिकटवली.

टिक्. मग शांत. मग टिक्.

"रुजू कधी होता?" मॅडमनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये पेटी मांडीवरून हलू दिली नाही, भजीही खाल्ली नाहीत. एवढं शिकून साधा 'कण' हा शब्द मला सुचला नव्हता, याचंच हसू येत होतं. घरी आईला सगळी हकीकत सांगितली, पेटी बॅटरीवर लावून दाखवली. तिनं कान लावला.

टिक्.

"जित्तं शे रे!" (जिवंत आहे रे!) म्हणाली, आणि दूध आणायला आत गेली.